योजना नसती तर काय झाले असते?

केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला की गोव्यातील बेरोजगारीचा आकडा मथळ्यात येतो आणि पुढचे काही दिवस त्यावर वाद चालतो. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षासाठी पंधरा वर्षे व त्यावरील वयोगटातील बेरोजगारीचा दर देशात ३.२ टक्के होता, गोव्यात तो ८.५ टक्के होता. त्याच्या आदल्या वर्षी गोव्याचा दर ९.७ टक्के होता. विरोधक हा आकडा सरकारच्या अपयशाचा पुरावा म्हणून मांडतात, सरकार सर्वेक्षणाच्या पद्धतीवर आक्षेप घेते, आणि अखेरीस एखादा मेळावा, एखादे प्रशिक्षण किंवा एखादे अनुदान जाहीर होऊन विषय मिटतो. मी पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवते, राहते डिचोली तालुक्यात, आणि माझ्या वर्गातून बाहेर पडणारी मुले-मुली या आकड्यात कुठे ना कुठे मोजली जातात, त्यामुळे हा वाद मला परका नाही. त्यात मला सलते ते हे, की श्रमबाजारावरील संशोधनाने गेल्या तीन-चार दशकांत जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला शिकवले, तोच आपल्याकडे विचारला जात नाही. योजनेचा लाभ किती जणांना मिळाला हे विधानसभेत सांगितले जाते. ती योजना नसती तर त्याच माणसांचे काय झाले असते, हे शोधण्याची व्यवस्था मात्र आपण उभी केलेली नाही.

आधी आकडाच नीट वाचायला हवा. बेरोजगारीचा दर म्हणजे लोकसंख्येतील रिकाम्या हातांचा वाटा नसतो. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून जी श्रमशक्ती होते, तिच्यात काम शोधणाऱ्यांचे किंवा कामासाठी उपलब्ध असलेल्यांचे प्रमाण म्हणजे हा दर. जी गृहिणी काम शोधत नाही ती त्यात बसत नाही आणि कॉलेजात शिकणारा मुलगाही बसत नाही. त्याच वर्षी मध्य प्रदेशात हा दर सुमारे १ टक्का होता, आणि तेथील तरुणांपुढे गोव्यापेक्षा अधिक चांगली कामे आहेत असे कोणी म्हणणार नाही. ज्याला आजच्या मजुरीवर संध्याकाळचा बाजार करायचा असतो, त्याला बेरोजगार राहणे परवडत नाही. मिळेल त्या मजुरीवर तो राबतो आणि सर्वेक्षणात 'कामावर' म्हणून नोंदला जातो. ज्याच्या घरात आईवडिलांची पेन्शन आहे, राहते घर स्वतःचे आहे, थोडीफार बागायत किंवा भाड्याने दिलेली खोली आहे, तो मनाजोगती नोकरी मिळेपर्यंत थांबू शकतो. गोव्याचे दरडोई उत्पन्न देशातील सर्वाधिक उत्पन्नांपैकी एक आहे, हे लक्षात घेतले तर आपल्याकडचा बेरोजगारीचा दर मोठ्या प्रमाणात थांबण्याचा दर आहे, असे मला वाटते. शिवाय गोव्यासारख्या लहान राज्यात सर्वेक्षणाचा नमुनाही लहानच असतो, म्हणून एका वर्षातील टक्का-दीड टक्क्याच्या चढउतारावर यशापयशाचे इमले उभारणे योग्य नाही.

थांबणे कशासाठी, हे गोव्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ते सरकारी नोकरीसाठी असते. जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी १९७० मध्ये पूर्व आफ्रिकेतील शहरांच्या संदर्भात जे प्रारूप मांडले, त्याचा गाभा असा होता: ठरावीक चांगल्या पगाराच्या जागा मर्यादित असतील, तर त्या मिळण्याची शक्यता कमी असली तरी माणसे बेकारी पत्करून त्यांच्या रांगेत उभी राहतात, आणि अशा वेळी त्या जागा वाढवल्या तर रांग कमी होण्याऐवजी कधीकधी लांबते. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचे हे प्रतिपादन मी वर्गात शिकवते तेव्हा मुलांना उदाहरण शोधावे लागत नाही. खासगी कंपनीत दहा-बारा तासांची पाळी, कंत्राटाची सहा-सहा महिन्यांची मुदत आणि हातात येणारा तुटपुंजा पगार एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सरकारी कारकुनाचे वेतन, रजा, सुरक्षितता व लग्नाच्या बाजारातील मान. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड आणि प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती यांची फाइल ज्या घरात तयार नाही, असे पदवीधराचे घर मला आमच्या तालुक्यात क्वचितच दिसते. खासगी नोकरीत असलेलेही ते कार्ड चालू ठेवतात. म्हणूनच त्या केंद्रातील नोंदणीची संख्या बेरोजगारांची संख्या म्हणून वापरणे चूक आहे.

या रांगेची किंमत किती, हे कुणाल मंगल या अर्थशास्त्रज्ञाने तमिळनाडूच्या उदाहरणावरून मोजले आहे. त्या राज्याच्या सरकारने २००१ ते २००६ या काळात काही अपवाद वगळता नवी भरती गोठवली होती. जागा नाहीत म्हटल्यावर मुले दुसरीकडे वळतील, असा आपला अंदाज असतो. प्रत्यक्षात उलटे घडले: पदवीधर तरुण पुरुष अधिक काळ बेकार राहून परीक्षांची तयारी करत राहिले, आणि भरती पुन्हा सुरू झाल्यानंतरही त्या पिढीच्या कमाईवरील परिणाम पुसला गेला नाही. मंगल यांनी हे नुसत्या 'आधी आणि नंतर' या हिशेबाने म्हटलेले नाही. त्याच काळातील इतर राज्यांतील तशाच तरुणांशी आणि तमिळनाडूतील आधीच्या पिढ्यांशी ताडून पाहून म्हटले आहे. म्हणूनच ते मला विश्वासार्ह वाटते.

गोव्यात भरती कधी निघते याचे वेळापत्रक पूर्वी कोणालाच ठाऊक नसे. ठाऊक असे ते एवढेच, की निवडणूक जवळ आली की जाहिराती येतात. २०१९ च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग स्थापन झाला, ही मला गेल्या काही वर्षांतील श्रमबाजारविषयक सर्वांत महत्त्वाची घटना वाटते, आणि तिचे कारण केवळ भ्रष्टाचाराला आळा हे नाही. २०२४ च्या अखेरीस नोकरीचे आमिष दाखवून पैसे उकळल्याच्या तक्रारींची जी मालिका उघडकीस आली, तिने लोकांचा विश्वास किती डळमळीत आहे हे दाखवले, ते खरेच. पण विश्वासाच्या पलीकडे एक आर्थिक मुद्दा आहे. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात परीक्षा, ठरलेल्या मुदतीत निकाल आणि प्रत्येक उमेदवाराला त्याच्या गुणांची व क्रमाची लेखी माहिती, एवढे झाले तर ज्याचा क्रमांक हजारोंच्या मागे आहे त्याला स्वतःच्या संधीचा खरा अंदाज येतो आणि तो वयाच्या तेविसाव्या वर्षी दुसरी वाट धरू शकतो. आज तोच मुलगा तिशीपर्यंत 'यादी अजून लागली नाही' या एका वाक्यावर थांबलेला असतो. जागा वाढवा ही मागणी मी समजू शकते, परंतु रांगेतील प्रत्येकाला आपण कुठे उभे आहोत हे कळणे त्याहून तातडीचे आहे, आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही.

खोट्या आशेचा हाच धागा रोजगार मेळाव्यांच्या अभ्यासातही सापडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ताळगावच्या स्टेडियमवर सरकारने मोठा मेळावा भरवला होता आणि तेथे तरुणांची प्रचंड गर्दी झाली होती. अशा मेळाव्यांतून नेमके काय साधते? इथिओपियातील अदिस अबाबा येथे काही संशोधकांनी नोकरी शोधणारे तरुण आणि कंपन्या यांची निवड चिठ्ठ्या टाकावी तशी यादृच्छिक पद्धतीने करून मेळावा भरवला. मेळाव्यातून थेट नेमणुका फारच थोड्या झाल्या. पण ज्यांना बोलावले होते त्या तरुणांच्या आणि कंपन्यांच्याही अवास्तव अपेक्षा खाली आल्या, दोघांनीही नंतर अधिक नेटाने शोध घेतला, आणि कमी शिकलेल्या तरुणांच्या रोजगारात सुधारणा दिसली. म्हणजे मेळाव्याचे मोल त्या दिवशी वाटलेल्या नेमणूकपत्रांत नव्हते, बाजारातील खऱ्या दरांची ओळख होण्यात होते. आपण मात्र मेळावा संपताच किती अर्ज आले आणि किती पत्रे दिली एवढेच मोजतो, आणि सहा महिन्यांनी त्यांतील किती जण कामावर टिकले हे विचारायला कोणी जात नाही.

आता लोहखनिजाच्या खाणींकडे येते, कारण तुलनेचा प्रश्न विसरल्याची सर्वांत मोठी किंमत आम्ही खाणपट्ट्यातील लोकांनी मोजली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये उत्खनन थांबले, एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणींच्या ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. या बंदीने किती लोकांचा रोजगार गेला, याचे आकडे प्रत्येक गटाने आपापल्या सोयीचे सांगितले. कोणी खाणीवरचे पगारी कामगार तेवढे मोजले, कोणी ट्रकमालक, चालक, क्लीनर, बार्जवरील खलाशी, गॅरेजवाले, टायरवाले, रस्त्याकडेची चहाची दुकाने असे सगळेच धरले. दोन्ही पद्धतींत एक दोष सारखाच होता: खाणी चालू असत्या तर या लोकांची २०१५ सालची स्थिती २०११ सारखीच राहिली असती, असे दोघांनीही गृहीत धरले.

तसे झाले नसते. २०११ च्या सुरुवातीला जागतिक बाजारात लोहखनिजाचा भाव टनामागे १८० डॉलरच्या वर होता. २०१५ च्या अखेरीस तो ५० डॉलरच्याही खाली आला होता. गोव्याचे खनिज कमी प्रतीचे, त्यामुळे भाव पडला की सर्वांत आधी मागणी घटते ती त्याचीच. त्यात २०११ च्या डिसेंबरअखेर केंद्राने लोहखनिजावरील निर्यात शुल्क ३० टक्क्यांवर नेले होते. म्हणजे बंदी नसती तरी त्या पाच वर्षांत आमच्या रस्त्यांवरचे ट्रक कमी झालेच असते. किती कमी झाले असते, हा प्रश्न बंदीचे समर्थन किंवा विरोध करण्यासाठी विचारायचा नाही. नुकसानीचा कोणता भाग बंदीचा आणि कोणता बाजाराचा हे कळले, तरच पुढच्या मंदीत कोणती मदत द्यायची हे ठरते, म्हणून तो विचारायचा.

याचे उत्तर शोधण्याची पद्धत अवघड नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील खाणींवर अवलंबून असलेली गावे एका बाजूला आणि त्याच तालुक्यांतील, त्याच जातीपातीच्या, तितक्याच शिक्षणाच्या, पण खनिजवाहतुकीच्या रस्त्यापासून दूर असलेली गावे दुसऱ्या बाजूला घ्यायची. २०१२ पूर्वी या दोन्हींतील उत्पन्नाची व कामाची चाल कशी होती ते पाहायचे, आणि नंतर त्या चालींत किती अंतर पडले ते मोजायचे. भाव आणि शुल्क यांचे स्वतंत्र परिणाम वेगळे काढण्यासाठी याच वर्षांतील इतर खाणराज्यांचे आकडे घ्यावे लागतील. किनारपट्टीच्या तालुक्यांशी तुलना करण्याचा मोह मात्र टाळायला हवा. आमच्या वाड्यावरच्या एका ट्रकमालकाने कर्जाचे हप्ते थकल्यावर ट्रक भंगारात काढला आणि तो कळंगुटच्या बाजूला पर्यटकांची टॅक्सी चालवू लागला. त्याच्यासारखे जितके लोक किनाऱ्याकडे गेले, तितका किनाऱ्यावरच्या मजुरीवर आणि भाड्यांवरही परिणाम झाला असणार, आणि ज्या गटावर स्वतःच परिणाम झाला आहे तो तुलनेसाठी निर्मळ राहत नाही.

अशा अभ्यासातून काय हाती लागू शकते, याची कल्पना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या उदाहरणावरून येते. लुई जेकबसन, रॉबर्ट लालोंड आणि डॅनियल सुलिव्हान यांनी १९९३ मध्ये दाखवले की ज्या कामगारांची अनेक वर्षांची नोकरी कारखाना बंद पडल्याने किंवा मोठ्या कपातीत गेली, त्यांची कमाई पाच-सहा वर्षांनंतरही, नोकरी टिकली असती तर जेवढी असती त्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती. दुसरी नोकरी मिळाल्यानंतरही ही तूट राहिली, कारण जुन्या जागी वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य नव्या जागी कोणी विकत घेत नाही. अवजड यंत्र चालवण्यात पंधरा वर्षे घालवलेला आमच्याकडचा माणूस सुरक्षारक्षकाच्या गणवेशात उभा राहिला, तेव्हा सरकारी नोंदीत तो 'कामावर' होता. मदतीच्या योजना मात्र तात्पुरत्या संकटासाठी आखलेल्या होत्या: एकरकमी साहाय्य, कर्जफेडीतील सवलत. तूट दीर्घकाळ टिकते हे आपल्याकडे मोजले गेले असते, तर वयाच्या चाळिशीत काम गमावलेल्यांसाठी काही वर्षे चालणारा वेतनपूरक भत्ता आणि खाणीवरच्या कौशल्याशी जवळीक असलेल्या कामांचे प्रशिक्षण, असा वेगळा विचार झाला असता. आता लिलावानंतर डिचोलीतील पट्ट्यात उत्खनन पुन्हा सुरू झाले आहे. पुढची मंदी येण्यापूर्वी गावनिहाय नोंदी ठेवायला सुरुवात करण्याची हीच वेळ आहे.

परप्रांतीय मजुरांविषयी थोडक्यातच लिहिते, कारण या विषयावर गोव्यात आवाज फार लवकर चढतो. १९८० मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसे काही महिन्यांत फ्लोरिडात उतरली आणि मायामी शहराची श्रमशक्ती एकदम सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० च्या आपल्या निबंधात मायामीची तुलना तशाच इतर शहरांशी केली, तेव्हा स्थानिक कमी कुशल कामगारांची मजुरी घसरल्याचे त्यांना आढळले नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांपुरता हिशेब पुन्हा मांडून मोठी घसरण दाखवली, आणि त्या उपगटातील नमुना फार लहान असल्याचा आक्षेप इतरांनी घेतला. हा वाद मिटलेला नाही, तरी त्यात प्रत्येक बाजूला आपली तुलना कोणाशी आहे हे उघड सांगावे लागते. गोव्यात २०२० च्या टाळेबंदीत हजारो बांधकाम मजूर आपापल्या राज्यांत परतले होते. त्यांच्या जागी स्थानिक मजुरांना काम मिळाले, की बांधकामे ठप्प होऊन स्थानिक गवंडी, सुतार आणि विटा-वाळूचे वाहतूकदारही घरी बसले, याचे उत्तर त्या महिन्यांच्या नोंदींत आहे. कार्ड यांना २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अशाच प्रकारच्या कामासाठी मिळाले, आणि उरलेला अर्धा भाग जोशुआ अँग्रिस्ट व ग्विडो इम्बेन्स यांना अशा परिस्थितींतून कार्यकारण कसे काढावे याच्या पद्धतीसाठी मिळाला.

स्त्रियांच्या कामाचा विषय मला सर्वांत जवळचा आहे आणि त्यात मोजणीपासूनच गोंधळ सुरू होतो. काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन सत्तरीतील एका गावात छोटी पाहणी केली होती. काजूचा हंगाम होता. पडवीत बसलेल्या एका काकींना आमच्या विद्यार्थिनीने फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, "काकी, तुम्ही काही काम करता का?" "नाही गे बाय, मी घरीच असते," असे उत्तर आले आणि मुलीने खूण करून पान उलटले. काकींच्या पायाशी सुकत घातलेल्या काजूबिया होत्या आणि हात बोंडूच्या रसाने डागाळलेले होते. मी तिला फॉर्म बाजूला ठेवून महिन्यामहिन्याने विचारायला सांगितले. शिमग्याच्या आधीपासून मे महिन्यापर्यंत पहाटे बागेत काजू वेचणे आणि बिया व्यापाऱ्याला घालणे, पावसाळ्यात परसातली भेंडी, काकडी आणि मिरची वाळपईच्या बाजारात नेणे, चतुर्थीच्या आधी रानातून माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान आणून विकणे, असे सगळे एकेक करून बाहेर आले. सर्वेक्षणाच्या नियमाप्रमाणे वर्षात किमान ३० दिवस केलेले काम दुय्यम काम म्हणून नोंदवायला हवे. काकींचे काम त्याच्या कितीतरी पट होते. एका प्रश्नाच्या मांडणीने एक स्त्री श्रमशक्तीच्या आत येते किंवा बाहेर जाते, आणि तिच्यासारख्या हजारोंवरून आपण 'गोव्यातील बायका काम करत नाहीत' असा निष्कर्ष काढतो. त्या दिवसापासून आमच्या पाहणीचा फॉर्म महिन्यांनुसार लावलेला आहे.

गृह आधार योजनेबद्दल मला नेहमी विचारले जाते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील गृहिणीच्या खात्यात आता महिन्याला १,५०० रुपये जमा होतात. असे पैसे दिल्याने बायका काम सोडतात, हा आक्षेप मी सुशिक्षितांच्या तोंडून फार वेळा ऐकला आहे. अभिजित बॅनर्जी, रेमा हॅना, गेब्रिएल क्राइंडलर आणि बेंजामिन ओल्केन यांनी सहा देशांतील सात रोख साहाय्य योजनांच्या यादृच्छिक प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा त्यांना अशा साहाय्याने माणसे काम कमी करतात याचा ठोस पुरावा मिळाला नाही. मध्य प्रदेशातील एक प्रयोग आणखी बोलका आहे. रोजगार हमीवर जाणाऱ्या स्त्रियांची मजुरी एरवी नवऱ्याच्या किंवा कुटुंबप्रमुखाच्या खात्यात जात असे. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावांत स्त्रियांची स्वतःची खाती उघडून दिली, मजुरी थेट त्या खात्यात वळवली आणि खाते कसे वापरायचे याचे थोडे शिक्षण दिले. जेथे या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या, तेथे स्त्रियांचे रोजगार हमीवरचे काम तर वाढलेच, खासगी मजुरीवरही त्या अधिक जाऊ लागल्या.

गृह आधारचा परिणाम मोजण्यासाठी आपल्याकडे एक तयार संधी आहे. उत्पन्न २ लाख ९० हजार असलेले कुटुंब आणि ३ लाख १० हजार असलेले कुटुंब यांच्या राहणीत फारसा फरक नसतो, पण एकीला पैसे मिळतात आणि दुसरीला मिळत नाहीत. रेषेच्या लगत अलीकडच्या आणि पलीकडच्या स्त्रियांचे काम, त्यांची बचत, मुलांच्या शिकवणीवरचा खर्च ताडून पाहिला तर योजनेचा परिणाम बऱ्याच अंशी वेगळा काढता येतो. त्यात एक मेख आहे. उत्पन्नाचा दाखला रेषेच्या आत बसावा म्हणून आकडा थोडा खाली दाखवला जात असेल, तर रेषेच्या अलीकडे अर्जांची अस्वाभाविक गर्दी दिसेल आणि ही तुलना बाद होईल. म्हणून आधी ती गर्दी आहे का ते तपासावे लागेल. दुसरी तुलना सीमेपलीकडे आहे. महाराष्ट्राने जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत तेवढीच, महिना १,५०० रुपयांची रक्कम द्यायला सुरुवात केली. दोडामार्ग तालुक्यातील स्त्रिया आणि आमच्या डिचोली-सत्तरीतील स्त्रिया यांची बोली, शेती, काजू आणि सोयरिकी सारख्याच आहेत. एकीला असे पैसे बारा वर्षे मिळत होते आणि दुसरीला ते नव्याने मिळू लागले. दोडामार्गची अनेक माणसे कामाला गोव्यातच येतात, एवढे भान ठेवून हा अभ्यास झाला तर तो दोन्ही राज्यांच्या उपयोगाचा ठरेल.

माझ्या विद्यार्थिनींना कामापासून अडवणारी गोष्ट मात्र बहुतेक वेळा खात्यातली रक्कम नसते, बस असते. सत्तरीच्या एका गावातील हुशार मुलीला वेर्ण्यातील एका औषध कंपनीत पॅकिंगच्या विभागात नोकरी लागली होती. कंपनीची बस फोंड्यापर्यंत सोडत असे. दुसरी पाळी सुटल्यावर फोंड्याहून तिच्या गावाकडे जाणारी शेवटची बस गेलेली असे. वडील स्कूटरने आणायला जात, पावसाळा सुरू झाल्यावर त्यांनी ते थांबवले, आणि मुलीने नोकरी सोडली. पुढच्या सर्वेक्षणात ती बहुधा 'श्रमशक्तीबाहेर' नोंदली गेली असेल. अंतर आणि सुरक्षितता मुलींच्या निवडी कशा बदलतात यावर आपल्याच देशात भक्कम संशोधन आहे. बिहारने २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकली दिल्या, आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी व त्याच गावांतील मुलांशी तुलना करून दाखवले की माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी त्यामुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि हा परिणाम मुख्यतः शाळा दूर असलेल्या गावांत दिसला. गिरिजा बोरकर यांच्या दिल्लीतील अभ्यासात मुली सुरक्षित वाटेसाठी कमी दर्जाचे कॉलेज पत्करतात असे आढळले.

तरीही बिहारची सायकल किंवा अदिस अबाबाचा मेळावा उचलून गोव्यात आणता येणार नाही. घाटातल्या वळणांवर रात्री सायकलचा उपयोग नाही, आणि इथिओपियातील तरुणाच्या पाठीशी पेन्शनधारक वडील नसतात. बाहेरच्या संशोधनातून घ्यायची ती अडथळा कुठे असू शकतो याची सूचना, आणि तो खरोखर तेथेच आहे का हे आपल्या गावांत तपासण्याची रीत.

म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे. औद्योगिक वसाहतींच्या पाळ्या सुटण्याच्या वेळेला धरून सत्तरी, सांगे, काणकोण आणि पेडणे या तालुक्यांतील आतल्या गावांपर्यंत रात्रीच्या बसगाड्या सुरू कराव्यात. सर्व मार्गांवर एकाच वर्षी गाड्या देणे परिवहन महामंडळाला शक्य होणार नाही. तेव्हा पहिल्या वर्षी कोणते मार्ग घ्यायचे हे आमदारांच्या वजनावर न ठरवता ग्रामपंचायतींच्या समोर चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आणि उरलेल्या मार्गांना दुसऱ्या वर्षीची लेखी हमी द्यावी. गाड्या सुरू होण्याआधी आणि वर्षभरानंतर दोन्ही प्रकारच्या गावांत अठरा ते पस्तीस वयाच्या स्त्रियांना महिन्यांनुसार कामाचे प्रश्न विचारावेत: कोणत्या महिन्यात, कुठे, किती मजुरीवर, जायला किती वेळ लागला, घरी किती वाजता पोचल्या, आणि नोकरी सोडली असेल तर कोणत्या कारणाने. हे प्रश्न विचारायला राज्यातील महाविद्यालयांचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी पुरेसे आहेत. आमच्या वर्गाने वापरलेला फॉर्म ज्या शिक्षकांना किंवा पंचायत सदस्यांना हवा असेल, त्यांना मी आनंदाने पाठवीन. त्यात काजू, माटोळी आणि परसातल्या भाजीचे रकाने आधीच घातलेले आहेत, किनाऱ्याकडच्या गावांसाठी मासळीचे रकाने तेवढे वाढवावे लागतील.